पहिल्याच मोहिमेला जातोय, टीममध्ये कुणीच ओळखीचं नाही. सोबतच्या गिर्यारोहकांशी ओळख कशी वाढवावी?

तुम्ही लिहिलंय की स्वभाव अबोल आहे, टीममधला एकही चेहरा ओळखीचा नाही आणि महिनाभर सोबत काढायचाय. पहिल्या मोहिमेत मीही अशीच कोपरा धरून बसले होते. अबोलपणाची काळजी सोडा. गप्पिष्ट मंडळी बेस कॅम्पला पहिले चार दिवस भाव खाऊन जातात, पुढे त्यांचेही किस्से संपतात.

वेळ भरपूर मिळतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा साधारण दंडक आहे. शिवाय सामान वर पोचवून झोपायला परत खाली यायचं, हवा बिघडली की दोन-दोन दिवस तंबूत पडून राहायचं. ओळखी इथेच होतात, पण बोलण्यापेक्षा काम करताना जास्त. बर्फ वितळवायला बसून बघा. भांडं गच्च भरावं तर तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी जमतं, की पुन्हा बर्फ घाला. रात्रीच्या पाण्याला दोन तास सहज जातात. तेवढ्यात कोण स्टोव्हजवळून हलत नाही आणि कोणाचं डोकं नेमकं त्याच वेळी रोज दुखतं, हे न विचारता कळतं.

मला विचाराल तर समोरच्याची नोकरी, घरदार, आवडीनिवडी नाही कळल्या तरी चालेल. हा माणूस धडधाकट असताना कसा वागतो, हे मात्र कळलंच पाहिजे. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. विरळ हवेने मेंदूला सूज यायला लागली की माणूस चिडचिडा होतो, गप्प होतो, साध्या कामात चुकतो, त्याचा तोल जातो. ते बहुतेक वेळा त्याचं त्यालाच कळत नाही. मुळातच चिडका असेल तर त्याची नेहमीची चिडचिड कुठली आणि आजाराची कुठली, हे तंबूतल्या जोडीदाराशिवाय कोण सांगणार?

माझी जोडीदारीण मला आधी खडूसच वाटली होती. काहीही विचारा, उत्तर दोन शब्दांत. दहा दिवस मी समजून चालले होते की हिला मी आवडत नाही. पण तिची शिस्त बघण्यासारखी होती. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटांखाली बांधायचे काटे, आधी डाव्या पायात, पट्ट्याचं टोक आत खोचायचं, दोनदा ओढून बघायचं, मग उजवा. हातमोजे काढले की थेट जॅकेटच्या आत. एकही दिवस यात फरक नाही.

दुसऱ्या कॅम्पवर, ५,८०० मीटरच्या आसपास, एका सकाळी ती एकाच बुटाशी झटत बसली होती. पट्टा बकलमधून उलटा घालत होती, काढत होती, परत उलटाच घालत होती. एक हातमोजा बाजूला बर्फात पडलेला. आणि ती बोलत होती! हसून हसून, कशाचा कशाला मेळ नाही असं. बाकीचे म्हणाले, आज बाईसाहेबांचा मूड छान दिसतोय. माझ्या पोटात गोळा आला. तिला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्याच पावलाला ती बाजूला कलंडली. लीडरने वाद न घालता औषध दिलं, ऑक्सिजन लावला आणि दोघांसोबत तिला लगेच खाली धाडलं. खाली उतरवणं हाच त्यावरचा खरा इलाज. संध्याकाळी वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "ठीक आहे." बस, एवढंच. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

केटू या जगातल्या दुसऱ्या सर्वांत उंच शिखरावरच्या १९५३च्या मोहिमेत नेते चार्ल्स ह्यूस्टन यांनी माणसं निवडताना निव्वळ कौशल्यापेक्षा एकमेकांशी पटण्याला जास्त वजन दिलं होतं. त्यांच्यातला आर्ट गिल्की वर आजारी पडला तेव्हा शिखर सोडून सगळे त्याला खाली आणायला लागले. वाटेत एक जण घसरला, दोर एकमेकांत गुंतले आणि पीट शोनिंग या सोबत्याने खडकामागे रोवलेल्या आइस अ‍ॅक्सच्या (बर्फातल्या कुऱ्हाडीच्या) आधारावर एकट्याने घसरणाऱ्या सगळ्यांना थोपवून धरलं. गिल्की मात्र त्याच दिवशी गेला. आता पैसे भरून जायच्या मोहिमांत तशी निवड कुणी करत नाही, त्यामुळे पटवून घ्यायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

तेव्हा सुरुवात स्वतःपासून करा. चालू असलेली औषधं, जुनी दुखणी, दमल्यावर तुम्ही कसे होता, हे जोडीदाराला आधीच सांगून टाका. मी सांगते की दमले की मी कुजकट बोलते, मनावर घेऊ नका, पण गोड बोलायला लागले तर नाडी बघा. दोराला बांधून घेण्याआधी रोज त्याच्या हार्नेसचं, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्याचं, बकल तुम्ही बघा, तुमचं त्याला बघू द्या. अबोल माणसाला यापेक्षा सोपी ओळख नाही.

आणखी एक. उंचीवर झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग धाप लागल्यासारखा सुरू होतो. तिथे ते अनेकांना होतं, म्हणून घाबरून शेजाऱ्याला गदागदा हलवू नका. मी पहिल्या रात्री माझ्या त्या जोडीदारणीला तीनदा उठवलं होतं. तिच्या दोन-दोन शब्दांच्या उत्तरांचं खरं कारण बहुधा तेच असावं.