अ‍ॅक्रिलिकवर कोरलेला गणपती वरपर्यंत उजळत नाही. जास्त एलईडीची पट्टी लावू का?

नका लावू. शीट ३ मिमीची, तळाशी मीटरला ६० एलईडीची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (हिच्यातल्या प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो), खाली लख्ख उजेड आणि सोंडेच्या वर अंधार, असं तुम्ही लिहिलंय. यात एलईडीचा काही दोष नाही. दुकानात मात्र "जास्त वॅटची घ्या" हेच ऐकायला मिळतं आणि त्यावरून माझे काउंटरवर कायम खटके उडतात.

तो एलईडी ५ मिमी रुंद असतो. ३ मिमीच्या कडेत त्याचा उजेड मावणार कसा? ५ किंवा ६ मिमीची शीट घ्या, तीही कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण लेझरने कोरल्यावर तिची रेघ दुधाळ होत नाही, पारदर्शकच राहते. उजेड विखुरलाच नाही तर दिसणार काय?

खालची कड करवतीने कापून तशीच ठेवली असेल, तर बराच उजेड तळाच्या दोन बोटांतच बाहेर पडतो. ४००, ८००, १२०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून क्रमाने फिरवा.

आता डिझाइन. प्रत्येक कोरलेली रेघ उजेड खाते. पायाशी उंदीर, मोदकांचं ताट, वेलबुट्टी भरगच्च कोरली की मुकुटापर्यंत काही पोचत नाही. खाली रेघा विरळ ठेवा, वर दाट. मागे काळा कागद हवाच, पण चिकटवू नका, जरा अंतर सोडा. गोंद लागला तिथून उजेड निसटतो.

शीट २१ सेमी रुंद असेल तर तळाशी १२ एलईडी बसतात. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलीअँपिअर धरले तरी ७२०च होतात, म्हणजे ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर पुरे. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. पट्टी चालवायला ईएसपी३२ हा कंट्रोलर बोर्ड वापरत असाल आणि एलईडी मधूनच भलतेच रंग दाखवत असतील, तर त्याच्या डेटा सिग्नलचे ३.३ व्होल्ट अपुरे पडतायत. मध्ये ७४एएचसीटी१२५ टाका, ही चिप तो सिग्नल ५ व्होल्टचा करते.

हो, आणि शीट थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, लेझरने कापलेल्या कडेला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी बस्स. स्टँड क्लोरोफॉर्मने जोडणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवून.

उंची ३० सेमीच्या वर असेल तर मात्र वरच्या कडेला दुसरी पट्टी लावावीच लागेल. ती मखराच्या महिरपीमागे लपते.