चार्जिंगचा लाल दिवा आणि तुमचे प्रश्न

उन्हाळा सरत आला की एकच तक्रार येते : नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल मारली की नुसतं टकटक. म्हणून या वेळी जुन्या गाड्यांच्या चार्जिंगचेच प्रश्न घेतो.

प्रश्न : मारुती 800 आहे, 2004 ची. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या. दुकानदार म्हणतो, तिसरी जरा मोठी घ्या. घेऊ का? (हिंगणघाट)

उत्तर : नका घेऊ. दोन्ही वेळा कोणी व्होल्ट मोजायचा मीटर लावला होता का? भरलेली बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, थोडी रेस द्या : 13.8 ते 14.5 दिसायला हवं. 13 च्या खाली असेल तर बॅटरी कितीही मोठी टाका, ती भरणारच नाही. मग अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा, बेल्ट सैल आहे का, टर्मिनलवर बुरा आहे का, इंजिनाची अर्थची पट्टी सडली का, ते पाहायचं. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश घासलेले असणंही नेहमीचंच. पण ते बदलण्यात बॅटरी विकणाऱ्याला काय सुटणार! चार्जिंग ठीक असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर बंद गाडीत करंट कुठे गळतो ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. 50 मिलीअँपिअरपेक्षा जास्त गळत असेल तर मागाहून बसवलेला गाण्यांचा टेप आधी तपासा.

प्रश्न : बॅटरीत फिल्टरचं पाणी चालतं का?

उत्तर : नाही. फक्त डिस्टिल्ड.

प्रश्न : आमच्या जीपचं इंजिन चालू ठेवून मिस्त्रीनं टर्मिनल काढलं. गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला, असं तो म्हणाला. बरोबर ना? (दारव्हा)

उत्तर : राजेहो, हे किती वेळा लिहायचं! एक तर जीप डिझेलची असेल, तर जुन्या पंपाला चालू राहायला पुष्कळदा विजेची गरजच नसते. म्हणजे गाडी चालू राहिली यातून काहीच सिद्ध झालं नाही. दुसरं, ही खोड अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनमोच्या काळातली. अल्टरनेटर करंट ओतत असताना बॅटरी अचानक काढली की त्या करंटला जायला जागा उरत नाही आणि क्षणभर व्होल्टेज कितीतरी वर उसळतं. त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जातो, आणि इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरसुद्धा. मागच्या पोळ्याला अशीच एक गाडी टोचन करून आमच्याकडे आली. घरून निघताना दोष फक्त सैल बेल्टचा होता. वाटेत कोणीतरी ही 'टेस्ट' केली आणि ईसीएम गेला. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. टर्मिनल ओढताना ठिणगी पडली तर बॅटरी फुटून आम्ल थेट डोळ्यांत. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत येतो. मिस्त्रीकडे तो नसेल तर मिस्त्री बदला, आणि आता त्या जीपचे डायोड एकदा तपासून घ्या.

प्रश्न : डिझेल गाडीत संत्रा भरून निघालो की लाल दिवा लागतो, ब्रेकही जड होतो. मंडईपर्यंत हळूहळू न्यावी का? (वरूड)

उत्तर : नको. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. बेल्ट घसरला की दोन्ही एकदम जातात. माल दुसऱ्या गाडीत टाका, मिस्त्रीला जागेवर बोलवा.

प्रश्न : आमच्या गाडीत चार्जिंगचा दिवा कधीच लागत नाही. चांगलंच ना?

उत्तर : नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी तो लागलाच पाहिजे. बल्ब उडाला असेल तर काही गाड्यांत अल्टरनेटर उठतच नाही. दाखवून घ्या.

प्रश्न : मीटर 15.4 दाखवतो, बोनेटमधून उग्र वास येतो. एवढ्यात लग्नं आहेत, नंतर दाखवलं तर?

उत्तर : रेग्युलेटर गेला असावा, बॅटरी उकळते आहे. 45 डिग्रीच्या उन्हात ती लग्नांची वाट पाहणार नाही. आजच दाखवा. आणि बोनेट उघडताना तोंडात बिडी नको.