अर्ज अडला कुणाच्या लॉगिनला?

तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलीचा तंत्रनिकेतनातला डिप्लोमा पूर्ण झाला, पण दुसऱ्या वर्षाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आलीच नाही. आता कॉलेज म्हणतं, त्या वर्षाची पूर्ण फी भरा, तोवर एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, नाही. थेट द्वितीय वर्ष इंजिनीअरिंगचे प्रवेश तर तोंडावर आलेत. निकाल लागले की अशी पत्रं येऊ लागतात. तुम्ही जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांबद्दल बरंच लिहिलंय. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी पैसे मिळाले, म्हणजे पात्रतेचा वाद दिसत नाही. ते बाजूला ठेवा.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली त्या दिवशी तो कुणाच्या लॉगिनला होता, यावर तुमचं सगळं प्रकरण ठरेल. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. मुलीच्या लॉगिनमधून त्या वर्षाच्या अर्जाची स्थिती, शेरा आणि तारीख यांची प्रिंट आजच काढा.

अर्ज कॉलेजकडेच पडून राहिला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. प्रवेशावेळी तुम्ही ‘शिष्यवृत्ती न मिळाल्यास फी भरू’ असं हमीपत्र दिलंय, हे खरं. पण स्वतःच्याच चुकीचा फायदा कुणाला घेता येत नाही. अर्ज परत तुमच्याकडे आला असेल आणि कुणी उघडून पाहिला नसेल, तर फी बहुधा भरावी लागेल. हप्ते मागून घ्या.

‘क्लार्क म्हणाले, होऊन जाईल’ म्हणून तुम्ही दीड वर्ष थांबलात, याचा मला मनापासून राग येतो. एक साधा लेखी अर्ज नाही, पोच नाही. कोर्टात या तोंडी आश्वासनाचं काय करायचं? समाजकल्याण कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या आधारे जुनी शिष्यवृत्ती मंजूर होईलच, असं मी सांगणार नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण उशिराचा जाब तिथे पहिल्यांदा तुम्हालाच द्यावा लागेल आणि निकाल प्रवेशाच्या आत लागेल, या भरवशावर राहू नका.

एलसीचं मात्र वेगळं आहे. थकीत फी वसूल करायला कॉलेजला दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी मुलीची कागदपत्रं ओलीस ठेवता येत नाहीत. प्राचार्यांच्या नावे लेखी मागणी करा, प्रवेशाची शेवटची तारीख त्यात ठळक लिहा, प्रत तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांना पाठवा. हा मागणीचा अर्ज उद्याच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.