सर्व्हर रूममधील आगशमन वायू बदलावा का?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल निर्यातीचा कारखाना आहे. कार्यालयातील सर्व्हर रूमसाठी बारा वर्षांपूर्वी ‘एफएम-२००’ वायूची आगशमन यंत्रणा बसवली असून तिच्या सिलिंडरमध्ये ५० किलो वायू आहे. आता परदेशी ग्राहक हवामानावरील परिणामाचा हिशेब मागतात. एक पुरवठादार ‘सिलिंडर आणि पाइप तेच ठेवू, फक्त वायू बदलून देऊ’ असे म्हणतो. हे योग्य आहे का? सुताच्या गोदामातही नवी वायू यंत्रणा बसवावी काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुरवठादाराचा प्रस्ताव स्वीकारू नका. आगशमन यंत्रणेतील सिलिंडर, पाइप आणि नोझल हे विशिष्ट वायूचा दाब व प्रवाह हिशेबात धरून ठरवलेले असतात. ‘एफएम-२००’चे सिलिंडर साधारणतः २५ किंवा ४२ बार दाबाचे असतात, तर नायट्रोजन आणि आर्गॉनसारखे निष्क्रिय वायू २०० किंवा ३०० बार दाबाने साठवावे लागतात, त्यामुळे जुन्या साधनांत ते भरणे जिवावर बेतू शकते.

‘एफएम-२००’ हा हायड्रोफ्लोरोकार्बन वर्गातील वायू ओझोनच्या थराला इजा करत नाही, आणि म्हणूनच तो ओझोन नष्ट करणाऱ्या ‘हॅलॉन’ या जुन्या आगशमन वायूच्या जागी आला. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,२२० किलोंइतकी उष्णता अडवतो. म्हणजे आपले सिलिंडर एकदा रिकामे झाले, तर सुमारे १६१ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होईल. परंतु वायू सिलिंडरमध्ये आहे तोवर हवामानाला त्याचा उपद्रव नाही, आणि घाईने यंत्रणा काढताना तोच हवेत सोडून देणे हा सर्वांत वाईट मार्ग ठरेल. माझ्या मते आपण आधी गळती थांबवावी : दाबमापक पाहावा, सिलिंडरचे वजन करून घ्यावे, आणि सुताचे तंतू व धूळ साचून डिटेक्टर (धूर ओळखणारी उपकरणे) चुकीने वाजणार नाहीत यासाठी नियमित स्वच्छता ठेवावी. आग नसताना झालेला विसर्ग टाळण्यासाठी दोन वेगळ्या मालिकांतील डिटेक्टरांनी एकाच वेळी इशारा दिल्याशिवाय वायू सुटणार नाही, अशी जोडणी असणे आवश्यक आहे.

हायड्रोफ्लोरोकार्बन वायू घटवण्यासाठी मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात झालेल्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा वायूंचा एकूण वापर २०२८पासून गोठवायचा आणि २०३२पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. म्हणून मोठ्या दुरुस्तीची वा सिलिंडर बदलण्याची वेळ येईल तेव्हा नवी यंत्रणा पूर्णतः वेगळी घ्यावी. जागा असेल तर मी निष्क्रिय वायूची शिफारस करेन : तो हवेतूनच मिळतो आणि हवेतच परततो. सिलिंडर जास्त लागतात, खोलीला दाब बाहेर टाकणाऱ्या झडपा लागतात, आणि विसर्गानंतर खोलीतील प्राणवायू सुमारे १२–१३ टक्क्यांवर येत असल्याने माणसे आधी बाहेर पडलीच पाहिजेत. जागा कमी असल्यास ‘एफके-५-१-१२’ हा द्रवरूप पर्याय आहे. त्याचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य असला, तरी तो दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या वर्गात मोडतो, आणि ‘थ्रीएम’ या उत्पादक कंपनीने अशा रसायनांचे उत्पादन २०२५अखेर थांबवण्याचे २०२२मध्ये जाहीर केले होते, म्हणून पुढील पुरवठ्याची लेखी हमी घ्यावी. माणसे बसतात त्या खोलीत कार्बन डायऑक्साइडने आग विझवण्याची योजना करू नये, कारण आग विझवण्याइतके त्याचे प्रमाण माणसासाठी प्राणघातक असते.

सुताच्या गोदामात वायूवर विसंबू नका. कापसाच्या गठ्ठ्यात आग आतल्या आत धुमसत राहते आणि वायू विरला की पुन्हा भडकते. तिथे पाण्याचे स्प्रिंकलर आणि अडथळ्याविना उघडणारे बाहेरचे दरवाजे हवेत. मे २०२५मध्ये आपल्याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. म्हणून सर्व्हर रूमपेक्षा या दरवाजांचा विचार आधी करावा.

जुना वायू काढताना तो पुनर्प्राप्त करणाऱ्या एजन्सीकडेच द्यावा आणि काढलेल्या वायूच्या वजनाची नोंद असलेले प्रमाणपत्र मागावे. महाराष्ट्रात दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. त्या तपासणीच्या वेळीच सिलिंडरचे वजन नोंदवून घेतल्यास ग्राहकाला द्यायचा हिशेबही त्यातून तयार होईल.