युरोपच्या महिला हँडबॉल स्पर्धेत दर वेळी नॉर्वेच का जिंकतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. युरोपियन महिला हँडबॉल स्पर्धा दर वेळी नॉर्वेच कशी काय जिंकतो, हा एक. आणि निकाल आधीच ठाऊक असेल तर बघायचं तरी कशाला, हा दुसरा. मी शाळेपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत मातीच्या मैदानावर हँडबॉल खेळलेली बाई आहे, त्यामुळे या विषयावर थोडक्यात बोलणं मला जमत नाही.

आधी ते 'दर वेळी' तपासू. स्पर्धा 1994 साली जर्मनीत सुरू झाली आणि तेव्हापासून सम वर्षी भरते. 2024 पर्यंत 16 स्पर्धा झाल्या, त्यातल्या 10 नॉर्वेच्या. डेन्मार्कने 1994, 1996 आणि 2002 अशा 3 जिंकल्या. हंगेरी (2000), माँटेनेग्रो (2012) आणि फ्रान्स (2018) यांच्या वाट्याला एकेक. म्हणजे सुरुवातीची सत्ता डेन्मार्कची होती, नॉर्वेचा दरारा खरा बसला तो 2004 पासून. तिथपासूनच्या 11 पैकी 9 स्पर्धा त्यांनी नेल्या. 2024 ची अंतिम लढत व्हिएन्नात झाली, त्यात डेन्मार्कला 31-23 असं हरवलं. अंतिम सामन्यात 8 गोलांचा फरक म्हणजे धुलाईच.

आता कारण. लोक उंची, थंड हवा, पैसा वगैरे सांगतात. उंच मुली रशिया, जर्मनी, रोमानियातही आहेत आणि पैसाही इतरांकडे आहे. माझ्या मते नॉर्वेचं उत्तर एका शब्दात धावणं, आणि तेही चेंडू हातात नसताना.

पुढचा सामना बघाल तेव्हा एक करा. समोरचा संघ गोलवर थ्रो करतो त्या क्षणी गोलकीपरकडे बघू नका, नॉर्वेच्या दोन्ही विंगांकडे, म्हणजे दोन्ही कडांना खेळणाऱ्या मुलींकडे बघा. चेंडू समोरच्या मुलीच्या हातातून सुटला की त्या पळायला लागलेल्या असतात. गोल झाला की अडला, हे बघायला त्या थांबत नाहीत. अडला तर गोलकीपरचा लांब पास थेट त्यांच्या पुढ्यात पडतो आणि बचावातल्या मुली वळेपर्यंत पलीकडे गोल झालेला असतो. आणि समजा गोल बसलाच, तरी जाळ्यातला चेंडू लगेच मध्यावर जातो आणि खेळ पुन्हा सुरू. गोल केल्याचा आनंद करायला थांबलात की गेलात.

असं 60 मिनिटं पळणं 7 जणींना शक्य नाही. हँडबॉलमध्ये बदली खेळाडूंवर बंधन नसतं, कबड्डीसारखं मोजून नाही. पंचांना न विचारता आपल्या बाकासमोरच्या रेषेतून बाहेर यायचं आणि दुसरीने आत जायचं, हवं तितक्या वेळा. बऱ्याच संघांच्या पहिल्या 7 जणी अव्वल असतात आणि पुढच्या यथातथा. नॉर्वेची बाकावरची फळी दुसऱ्या एखाद्या देशाचा पहिला संघ म्हणून सहज खपेल. म्हणून त्यांचे सामने पहिल्या अर्ध्यात बरोबरीचे वाटतात आणि पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर अचानक एकतर्फी होतात. समोरच्यांच्या पायांत गोळे आलेले असतात. 2022 च्या ल्युब्लियानातल्या अंतिम सामन्यात डेन्मार्क मध्यंतराला पुढे होता आणि शेवटी 27-25 ने हरला.

गोलकीपरचं वेगळं सांगायला हवं. काट्रिने लुंडे 1980 ची. व्हिएन्नात जिंकली तेव्हा 44 वर्षांची होती. 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच गोल, 6 मीटरवरून उडी मारून येणारी मुलगी आणि अंगावर येणारा चेंडू. प्रतिक्षिप्त क्रियेवर किती वर्षं निभावणार? लुंडे बघून थ्रो अडवत नाही, आधी ओळखून अडवते. खांदा कुठे उघडा पडलाय, पाय कुठल्या दिशेला टेकलाय, यावरून तिचा हात आधीच निघालेला असतो.

विंगवरची कमिला हेरेम हे माझं खास प्रकरण. कोपऱ्यातून गोलचा कोन इतका चिंचोळा असतो की आम्हाला शाळेत सर सांगायचे, तिथून मारू नका, मध्ये पास द्या. पण नियम असा की डी-च्या, म्हणजे गोलसमोरच्या 6 मीटरच्या रेषेच्या आत हवेत असताना चेंडू सोडला तर चालतो, पाय टेकायच्या आत सुटला पाहिजे. हेरेम बाहेरून उडी घेते, हवेतल्या हवेत आत सरकत कोन मोठा करून घेते आणि शेवटच्या क्षणी मनगट फिरवते. चेंडू कीपरच्या पायाशेजारी टप्पा खातो आणि लेगस्पिनसारखा वळून जाळ्यात शिरतो. यासाठी बोटांना राळ लागते. युरोपातल्या खेळाडू हाताला चिकट राळ लावून खेळतात म्हणून चेंडू एका हातात घट्ट बसतो. आमच्या मातीच्या मैदानावर राळ लावली असती तर चेंडूची भाकरी झाली असती.

प्रशिक्षकांचा मुद्दा मला धावण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. 1994 ते 2024 या 30 वर्षांत नॉर्वेला दोनच मुख्य प्रशिक्षक होते. 2009 पर्यंत मारित ब्रेविक, स्वतः माजी खेळाडू. नंतर आइसलँडचे थोरिर हेरगेरसन, जे आधी तिचेच सहायक होते. युरोपियन स्पर्धेची 10 सुवर्णपदकं वाटून बघा, तिच्या काळात 4 आणि त्यांच्या काळात 6. ब्रेविकने संघातल्या मुलींना निर्णयात ओढलं, डावपेच ठरवताना त्यांचं ऐकलं. हेरगेरसन यांनी ती घडी मोडली नाही. 2018 मध्ये नॉर्वेला उपांत्य फेरीही गाठता आली नाही, पाचव्या क्रमांकावर राहिले. तरी कुणी हेरगेरसन यांना घरी पाठवलं नाही आणि पुढच्या तिन्ही स्पर्धा त्यांनीच जिंकल्या. आपल्याकडे एक स्पर्धा गेली की प्रशिक्षक, निवड समिती आणि कधीकधी अख्खी संघटनाच बदलते, यावर मी अधिक बोलत नाही.

शिवाय तिथे नोंदणी केलेल्या हँडबॉल खेळाडूंत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. डिसेंबरमध्ये नाताळच्या तयारीबरोबर घरोघरी टीव्हीवर बायकांचं हँडबॉल चालू असतं. तिथल्या लहान मुलीला हा 'मुलांचा खेळ' वाटतच नाही.

याच नॉर्वेचा एक वेगळा किस्सा. 2021 मध्ये बल्गेरियातल्या वार्ना इथे युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धा होती. नियमाप्रमाणे महिलांनी बिकिनी घालणं बंधनकारक होतं, पुरुषांना मात्र शॉर्ट्स चालत. नॉर्वेच्या मुली कांस्यपदकाच्या सामन्यात शॉर्ट्स घालून उतरल्या आणि संघाला 1500 युरोंचा दंड झाला. इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाला नियम बदलावा लागला. शॉर्ट्स घातली म्हणून घरी बोलणी खाणाऱ्या मुली आमच्या संघात होत्या, त्यामुळे ही बातमी वाचून मला हसू आलं आणि रागही आला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बघायचं कशाला. त्यासाठी 2012 चा अंतिम सामना शोधून बघा. स्पर्धा मुळात नेदरलँड्समध्ये व्हायची होती, त्यांनी ऐन वेळी माघार घेतली आणि सर्बियाने सांभाळली. अंतिम सामना बेलग्रेडमध्ये, नॉर्वे विरुद्ध माँटेनेग्रो. माँटेनेग्रोची लोकसंख्या सहा-साडेसहा लाख. चारच महिन्यांपूर्वी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नॉर्वेने त्यांना 26-23 ने हरवलं होतं आणि ते रौप्य त्या देशाचं स्वतंत्र झाल्यानंतरचं पहिलंच ऑलिंपिक पदक होतं. बेलग्रेडमध्ये 60 मिनिटांत निकाल लागला नाही. जादा वेळेतही लागला नाही. दुसऱ्यांदा जादा वेळ द्यावा लागला आणि तेव्हा कुठे माँटेनेग्रो 34-31 ने जिंकला. एरवी समोरच्यांना दमवणारा नॉर्वे तिथे स्वतः दमला होता. डावखुरी कातारिना बुलातोविच 9 मीटरवरून ठोकत होती आणि बोयाना पोपोविच डोकं शांत ठेवून मध्ये खेळ चालवत होती. नॉर्वेला हरवायचं तर त्यांच्या वेगाने खेळायचं नाही, हे त्या सामन्याइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलं नाही. प्रत्येक हल्ला लांबवायचा, वेळ काढू नका असा इशारा म्हणून पंचांचा हात वर जाईपर्यंत चेंडू फिरवायचा आणि थ्रो केला रे केला की मागे पळायचं.

गुणतक्त्याने नवीन माणूस चक्रावतो, तेवढं सांगते. 2024 पासून 24 संघ असतात, 4-4 चे 6 गट. प्रत्येक गटातले दोन पुढे जातात आणि 6-6 चे दोन मोठे गट बनतात. तुमच्याबरोबर जो संघ पुढे आला, त्याच्याविरुद्धचा निकाल तुमच्या खात्यात तसाच राहतो. म्हणजे दोघेही पुढे गेलेले असले तरी त्या सामन्यातला पराभव पाठ सोडत नाही. फॅरो बेटांसारखा पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचा देश 2024 मध्ये, संघांची संख्या वाढली त्याच वर्षी, पहिल्यांदा या स्पर्धेत आला.

गंमत म्हणजे ही स्पर्धा चालू होती त्याच डिसेंबरात आशियाई महिला स्पर्धा आपल्या दिल्लीत, इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाली. वर्षानुवर्षं आशियावर राज्य करणाऱ्या दक्षिण कोरियाला जपानने अंतिम सामन्यात अवघ्या एका गोलाने हरवलं. आपल्या किती वर्तमानपत्रांनी दखल घेतली, विचारू नका.

2026 ची युरोपियन स्पर्धा रोमानिया, पोलंड, झेकिया, स्लोव्हाकिया आणि तुर्कीये अशा 5 देशांत मिळून डिसेंबरमध्येच ठेवली आहे. मध्य युरोपची वेळ तेव्हा आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे त्या वेळेनुसार संध्याकाळी 6 चा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला. जुने सामने आणि ठळक क्षण युरोपियन महासंघाच्या 'होम ऑफ हँडबॉल' या यूट्यूब चॅनेलवर मिळतात. आधी बेलग्रेड बघा, मग व्हिएन्ना.