स्पार्कलिंग म्हणजे साध्या वाईनमध्ये गॅस भरलेला असतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांच्या पन्नाशीला घोडबंदर रोडच्या घरी वीसेक माणसं बोलावलीत, दुकानदार म्हणाला स्पार्कलिंग म्हणजे "वाईनच हो, फक्त गॅसवाली", मग ती एवढी महाग का आणि घ्यायची कुठली. मीही ठाण्याचाच, नाशिकच्या वायनरींमध्ये बरीच वर्षं जाणंयेणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

द्राक्षाचा रस आंबताना यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. साध्या रेड-व्हाईटमध्ये हा गॅस टाकीतून निघून जाऊ देतात. स्पार्कलिंगला तीच तयार वाईन परत एकदा आंबवतात आणि ते पण बंद जागेत, त्यामुळे गॅसला बाहेर जायला वाटच नसते, तो वाईनमध्येच विरघळतो. काही स्वस्त बाटल्यांत मात्र खरंच सोड्यासारखा गॅस वरून भरतात, त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि ग्लासात लगेच बसतात. तेवढ्यापुरता तुमचा दुकानदार बरोबर आहे.

आता महाग का ते. फ्रान्समधल्या शॅम्पेन भागाची जी पद्धत आहे त्यात हे दुसरं आंबवणं प्रत्येक बाटलीत वेगवेगळं होतं. लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात, बिअरच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण लावतात आणि बाटल्या तळघरात आडव्या ठेवून देतात. आतलं प्रेशर 5 ते 6 अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट समजा, म्हणून ती बाटली एवढी जाड आणि जड असते. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं, पण वाईन त्या गाळावरच ठेवतात, महिनोन् महिने, आणि त्यातूनच भाजलेल्या पावासारखा, बिस्किटासारखा वास येतो. शॅम्पेनला बाटलीत कमीत कमी 15 महिने ठेवायचा नियमच आहे, एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर 3 वर्षं.

मग तो गाळ काढायचा कसा? बाटली रोज थोडी फिरवत फिरवत हळूहळू उलटी करतात. नाशिककडच्या एका सेलरमध्ये, म्हणजे वाईनच्या तळघरात, तिथल्या माणसाने अशी एक बाटली दिव्यासमोर धरून दाखवली होती, काचेला आतून राखाडी रंगाचा बारीक पट्टा चिकटलेला, त्याने मनगटाला जरासा झटका दिला आणि तो पट्टा धुरासारखा मानेकडे सरकला. सगळा गाळ मानेत जमला की मान गोठवतात, झाकण काढलं की प्रेशरने बर्फाचा तुकडा गाळासकट बाहेर उडतो, मग थोडी वाईन आणि हवी तेवढी साखर घालून कॉर्क आणि तार. एवढे सोपस्कार प्रत्येक बाटलीचे, म्हणून ती किंमत. मला ती रास्त वाटते.

इटलीचा प्रोसेको, म्हणजे तिथली स्पार्कलिंग, बहुतेक मोठ्या बंद टाकीत आंबवतात, वेळ कमी लागतो म्हणून स्वस्त पडतो, चवीला फळांचा, ताजा. तो कमी दर्जाचा असतो असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त त्यात तो पावाचा वास शोधू नका. स्पेनचा कावा मात्र शॅम्पेनसारखा बाटलीतच होतो आणि बऱ्याचदा शॅम्पेनपेक्षा खूप स्वस्त मिळतो.

अजून एक फरक मळ्यातच पडतो. स्पार्कलिंगची द्राक्षं हंगामात सगळ्यात आधी तोडतात, गोडी कमी आणि आंबटपणा भरपूर असताना. नाशिकला यासाठी शेनिन ब्लांक ही पांढऱ्या द्राक्षांची जात खूप वापरतात. दिंडोरीची शॅन्डन आणि सुलाची ब्रूट, दोन्ही बाटलीत आंबवलेल्या, आणि तुमच्या पार्टीला मी यातलीच एक घेईन, वीस जणांना शॅम्पेन पाजायची काही गरज नाही.

लेबलवर गोडी नक्की बघा कारण इथे बरेच जण फसतात. ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमच्या आत साखर. एक्स्ट्रा ड्राय लिहिलेली त्याहून कोरडी, म्हणजे कमी गोड, असणार असं वाटतं पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, 12 ते 17 ग्रॅम. डेमी-सेक तर चांगलीच गोड, ती केकबरोबर. ब्रूट ठेवा खाण्याबरोबर, कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय, साबुदाणे वडे, जे जे तळलेलं खारट ते ते, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल साफ करतात आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. मिसळ किंवा झणझणीत रस्सा मात्र नको, बुडबुड्यांनी तिखट अजून झोंबतं.

दुकानात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, प्रकाशाने वास बिघडतो. घरी 6 ते 8 डिग्रीपर्यंत गार करा, बादलीत नुसता बर्फ टाकू नका, बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घाला, अर्ध्या तासात होते. उघडताना तार सैल केल्यापासून अंगठा कॉर्कवरून काढायचा नाही, बाटली तिरकी धरा, माणसांकडे तोंड नको, आणि कॉर्क धरून बाटली फिरवा. फुस्स एवढाच आवाज यायला पाहिजे. हलवून उडवायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका प्लीज, वाईन तर वाया जातेच आणि कॉर्क डोळ्यात गेला तर केवढ्याला पडेल. ग्लास साबणाचा अंश न राहील असे धुवा, नाहीतर फेस धरत नाही. आणि उरली तर तोंडात चमचा अडकवून ठेवायची आयडिया सोडा, त्याने काही होत नाही, स्पार्कलिंगचा वेगळा क्लिपवाला स्टॉपर मिळतो तो लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.