काकी त्या रात्री तुझ्याच दारात का आली?

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. शिरवळला पशुवैद्यकाची पदवी घेतली, परळला प्रसूतिशास्त्रात एमव्हीएस्सी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केलं आणि त्यात पहिली आले. गेली नऊ वर्षं राज्याबाहेरच्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवते. आठवडाभर तिथे, शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत.

गेल्या महिन्यात वर्गावर अडलेल्या गायीचं बाळंतपण शिकवत होते. स्लाइड मेहनतीने केल्या होत्या, व्हिडिओही होता. वर्गात गोव्यातल्याच सांग्याकडचा एक मुलगा आहे. घरी दहाबारा गायी आहेत म्हणून आपल्याला सगळं येतं असं समजतो. तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः शेवटचं वासरू कधी काढलं?" वर्ग हसला. मी त्याला बाहेर काढलं आणि प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. प्राचार्य म्हणतात, पोर आहे, सोडून द्या. नवरा म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस. सहकारी माझ्या पाठीमागे हसतात ते मला कळतं.

गावात तरी कुठे किंमत आहे? इथे बाईमाणसाला गुरांची डॉक्टर म्हणून कोण विचारतंय? लोकांना सरकारी डॉक्टरच हवा असतो. मध्यंतरी शेजारच्या काकीची पहिल्या वेताची कालवड अडली. पाय दिसत होते, डोकं नव्हतं. काकी रात्री अकराला दारात आली, मी तिला सरकारी डॉक्टरांचा नंबर दिला.

त्या मुलाने वर्गासमोर लेखी माफी मागावी, एवढंच माझं म्हणणं आहे. तो मागत नसेल तर मी नोकरी सोडावी का? शिक्षकाचा मान आता राहिलाच नाही का?

एक पशुवैद्यक, सत्तरी

(गाव आणि कॉलेज ओळखू येईल असा मजकूर मी पत्रातून काढला आहे.)

बाय, त्या कालवडीचं पुढे काय झालं?

एवढं सविस्तर पत्र लिहिलंस. प्राचार्य काय म्हणाले, नवरा काय म्हणाला, पाठीमागे कोण हसलं, सगळं त्यात आहे. कालवड सुटली का, वासरू जगलं का, डॉक्टर किती वाजता पोचले, यातलं एक अक्षरही नाही. सत्तरीतल्या गावात रात्री गोठ्यात धावपळ झाली तर उजाडायच्या आत वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सगळ्यांना कळतं. तुलाही कळलेलं आहे. तरीही तू ते लिहिलं नाहीस. तुझ्या मानापमानाच्या गोष्टीत मला रस नाही. तू एका ओळीत उरकलेल्या त्या रात्रीबद्दल मला बोलायचं आहे.

गावात बाईमाणसाला कोण विचारतंय, असं तू म्हणतेस. काकीने विचारलं ना! पहिल्या वेताची कालवड म्हणजे तीनेक वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर. दिवाळीत गोरवांच्या पाडव्याला तिला ओवाळलेलं असतं, तिच्या दुधावर घरातले पुढचे हिशोब मांडलेले असतात. ती अडल्यावर काकी पहिल्यांदा कुणाकडे धावली? तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत अंतर आहे आणि तू कुंपणापलीकडे आहेस, एवढाच तिचा विचार होता असं मला वाटत नाही. तू शिरवळला गेलीस, परळला शिकलीस, पहिली आलीस, हे सगळं तिने तुझ्या आईकडून किंवा सासूकडून ऐकलेलं असणार. तिच्या डोळ्यांसमोर तू डॉक्टर आहेस. बाई आहेस म्हणून तिने तुला वगळलं नाही. तिने दार ठोठावलं आणि तू आतून एक नंबर बाहेर दिलास.

आणि काम तरी कुठलं होतं? तुझ्याच विषयाचं, तुझ्या सुवर्णाक्षरातल्या गुणपत्रिकेचं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त पशुवैद्यक आहेत. त्यांची सगळी नोकरी गोव्यातल्या गोठ्यांत गेली. तुझं पत्र आल्यावर नाव-गाव न सांगता मी त्यांना विचारलं, पाय दिसतात आणि डोकं नाही म्हणजे काय? त्यांनी समजावून सांगितलं ते इथे लिहिते. तुझ्यासाठी त्यात नवीन काही नाही. पण तू काय नाकारलंस ते हे पान वाचणाऱ्या बाकीच्यांना कळायला हवं.

वासरू नीट येत असेल तर आधी पुढचे दोन पाय दिसतात आणि त्या पायांवर टेकलेलं नाक. पुढचे पाय असून नाक नसेल तर बहुधा मान मागे वळलेली असते. गावठी अंगलोटीच्या कालवडीला मोठ्या विदेशी जातीचं रेत भरलेलं असलं तर वासरूही मोठं, आणि वाट मात्र तेवढीच. अशा वेळी घाबरलेली माणसं पायांना दोरी बांधून ओढायला लागतात. ओढावं तितकी मान आणखी वळते. वासरू मरतं, कधी गायीची गर्भपिशवी फाटते, कधी गाय मागच्या पायांवर उभीच राहत नाही. जाणकार माणूस आधी याच्या उलट करतो. दोन कळांच्या मधे वासराला आत ढकलतो, जागा करतो, मग हात सरकवत त्याच्या मुस्कटापर्यंत जातो आणि डोकं वळवून वाटेवर आणतो. त्यानंतर ओढायचं ते कळेबरोबर, आणि खालच्या अंगाला, गायीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने. कळ आली की गायीच्या आत हात असा आवळला जातो की बोटं बधिर होतात, आणि त्याच बधिर बोटांनी नाक कुठलं, कान कुठला, गुडघा कुठला हे ओळखायचं असतं. पाण्याची पिशवी फुटून गेलेली असली तर प्रत्येक पाव तास मोलाचा असतो.

सरकारी डॉक्टरला फोन लागायचा, तो उठायचा, गाडी काढायची, त्या वळणांच्या रस्त्याने यायचं. तू दोन मिनिटांच्या अंतरावर होतीस.

मग गेली का नाहीस? उत्तर तुझ्या पत्रात नाही, तरी मला दिसतं. तू घाबरलीस. सांग्याच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू वर्गात दिलं नाहीस, आणि मलाही दिलं नाहीस. उत्तर "गेल्या महिन्यात" असतं तर तू ते तिथल्या तिथे दिलं असतंस, वर्ग गप्प झाला असता आणि हे पत्र मला आलंच नसतं. माझा अंदाज असा की शेवटचं वासरू तू इंटर्नशिपच्या वर्षात काढलंस, तेही बाजूला सर उभे असताना. मग एमव्हीएस्सी, मग लगेच कॉलेज, मग नऊ वर्षं स्लाइड.

या भीतीबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. नऊ वर्षं न वापरलेला हात बिचकणारच. त्यात समोर कळवळणारं जनावर, रडणारी काकी, दारात जमलेला वाडा, आणि जमलं नाही तर उद्या गावभर होणारं नाव. अशा वेळी पाय मागे येणं अगदी माणसासारखं आहे. त्या रात्री तुला झोप लागली नसेल, याचीही मला खात्री आहे. पण या भीतीला तू मानाचं पांघरूण घातलंस आणि त्याची किंमत विशीतल्या एका पोराकडून वसूल करायला निघालीस. ते मला अजिबात मान्य नाही.

त्या मुलाचा नीट विचार कर. तूही घर सोडून शिरवळला गेलीस, तोही सांग्याहून घर सोडून आलाय. घरी दहाबारा गायी असणं हा त्याचा गर्व आहे असं तू लिहितेस. मला त्यात वेगळंच दिसतं. रात्रीबेरात्री वडिलांच्या हातात बॅटरी देऊन त्याने गोठ्यात अडलेली गाय पाहिलेली असणार. दोरी लावून ओढलेलं, मेलेलं वासरूही पाहिलेलं असणार. घरच्यांचं काय चुकतं ते कळावं म्हणून तर तो या कॉलेजात आला. आणि त्याला खरोखर बरंच कळत नाही! त्याच्या घरी जार अडकली की लोक उघड्या हातांनी ओढत असतील. त्या जारेतून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, मग महिनोन्महिने ताप जात नाही, सांधे धरतात, हे त्याला कोण सांगणार? ते तुझं काम आहे. त्याच्याकडे गोठा आहे, तुझ्याकडे शास्त्र आहे. असा विद्यार्थी नशिबाने मिळतो, आणि तू त्याला वर्गाबाहेर उभं केलंस.

त्याचा सूर उद्धट असेल. प्रश्न रास्त होता. दोनतीन वर्षांनी तो एखाद्या अनोळखी गोठ्यात रात्री एकटा उभा असेल, तेव्हा त्याला तुझी स्लाइड आठवून चालणार नाही. हात आत गेल्यावर काय लागतं, कळ आल्यावर थांबायचं म्हणजे किती थांबायचं, डोकं वळत नाही आणि अंग घामाने भिजलंय तेव्हा मालकाला काय सांगायचं, हे त्याला तुझ्याकडून हवं आहे. तुझ्याकडे आज ते नाही, आणि त्याने ते ओळखलं. तुझा राग त्या ओळखण्याचा आहे.

शिकवणं वेगळं आणि प्रॅक्टिस वेगळी, असं तू म्हणशील. कॉलेजात बसलेले बरेच जण तसं म्हणतात. पण तू सत्तरीची आहेस, बाय. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला माकडताप २०१५ साली आपल्या सत्तरीत येऊन पोचला. रानात माकडं मरून पडली, काजूच्या बागांत आणि जळणासाठी रानात जाणारी माणसं तापाने फणफणली. हा ताप गोचीड चावून होतो. रानात चरून संध्याकाळी घरी येणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचीड असते आणि ती गोठ्यापर्यंत येते, हे तुझ्या वाड्यावरच्या बायांना विचारून तू वर्गात सांगू शकतेस. किती पशुवैद्यकीय शिक्षकांच्या घराशेजारी असा विषय घडतो? तुझे शनिवार-रविवार त्याच रानाच्या कडेला जातात, आणि शिकवायला मात्र तू व्हिडिओ शोधतेस.

तर आता ऐक. काकीला ज्या डॉक्टरांचा नंबर दिलास, त्याच नंबरवर स्वतः फोन कर. त्यांना सांग, मी नऊ वर्षं शिकवते, माझा हात गेलाय, रविवारी आणि सुट्टीत तुमच्याबरोबर फिरेन, मला काम द्या. हेच शब्द वापर. मोठं पद, सुवर्णपदक, काही सांगू नकोस. तालुक्याच्या दवाखान्यातला माणूस एकटा किती गावं सांभाळतो ते तुला माहीत आहे. जाणती मदत मिळाली तर तो नको म्हणणार नाही.

सुरुवात गाभण तपासणीने कर. गाय गाभण आहे का, किती महिन्यांची, हे हाताने सांगायला लागलीस की बोटांना हळूहळू ओळख परत येईल. मग जार न पडलेल्या गायी, मग व्याल्यानंतर मिल्क फीव्हरने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटून, बसलेल्या गायी. अडलेली गाय आपोआप येईल, ती काही वेळ ठरवून येत नाही. पहिल्यांदा हात घालशील तेव्हा त्या डॉक्टरांना शेजारी उभं राहू दे. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने गुरांवर उपचार करायचा अधिकार नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच दिला आहे. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याला तो नाही, काकीला नाही. तुझ्याकडे तो कागद आहे आणि तो फाइलमध्ये पडून आहे.

काकीकडेही जा. ती बोलणार नाही कदाचित, पण तू जा. कालवड जगली असेल तर अडल्यानंतर तिची गर्भपिशवी नीट भरून आली का, पुन्हा गाभण राहायला ती तयार आहे का, हे कुणीतरी तपासायलाच हवं. ते तू तपास. पैसे घेऊ नकोस.

आणि माफीचं म्हणशील तर ती मागणी सोड. तक्रार सोमवारी मागे घे. पुढच्या तासाला त्या मुलाला नेहमीच्या जागी बसू दे आणि वर्गासमोर त्याच्या प्रश्नाचं उत्तर दे: शेवटचं वासरू कुठल्या वर्षी काढलं, कुठे काढलं, सोबत कोण होतं, आणि त्यानंतर का काढलं नाही. पोरं हसतील असं तुला वाटतं. मला नाही वाटत. हसली तरी हसू दे. मग त्यांना सांग की तू आता दर रविवारी डॉक्टरांबरोबर गोठ्यांत जातेस, आणि सोमवारी तिथलं जे पाहिलं ते वर्गात बोलशील. सांग्याचा मुलगा दिवाळीला गोव्यात घरी येईलच. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यालाही बरोबर घे, दोरी आणि पाण्याची बादली धरायला माणूस लागतोच.

नोकरी सोडायचा विचार मुळीच करू नकोस. नऊ वर्षांत तू जे वाचलंस, जे मांडलंस, ते वाया गेलेलं नाही. त्याला आता गोठ्याची जोड दे. आणि हा फोन पुढच्या आठवड्यावर टाकू नकोस, कारण शनिवार आला की तुला घरची कामं सुचतील. सत्तरीतल्या डॉक्टरांना जमत नसेल तर शेजारच्या डिचोलीत विचार, नाहीतर धारबांदोड्यात विचार.